एअर काढली तरी ब्रेक पुन्हा मऊ? दोष शोधायचा तो असा

ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा, म्हणजे एअर, गॅरेजमधून काढून आणली, चार दिवस पेडल छान लागलं, पाचव्या दिवशी परत पाय खोल जायला लागला. मग पुन्हा गॅरेज, पुन्हा एअर, पुन्हा तेच. जुन्या छोट्या गाड्या वापरणाऱ्यांकडून ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की एकदाच सगळं नीट लिहून टाकतो. समोर डिस्क, मागे ड्रम अशी आपल्याकडची सर्वसाधारण हॅचबॅक धरून लिहितोय. मागेही डिस्क असेल तर ड्रमचा भाग सोडून बाकी सगळं लागू आहे.

ब्रेकचं काम बंद नळीतल्या तेलावर चालतं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला की दट्ट्या जसा स्प्रिंगसारखा हलतो, तसं पेडलचं होतं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. विसरलं जातं ते हे की बंद नळीत हवा आपोआप येत नाही. एकदा एअर काढल्यावर ती परत काढायची वेळ येत असेल तर ती कुठून तरी आत येतेय, किंवा पहिल्यांदा पूर्ण निघालीच नव्हती, किंवा मुळात दोष हवेचा नाहीच. या तिघांपैकी काय ते ठरवल्याशिवाय निपलला, म्हणजे एअर काढायच्या चाकाजवळच्या तोटीला, पाना लावू नका.

आणि हो, पेडल तळाला टेकत असेल किंवा ब्रेक ऑइलच्या टाकीतलं तेल झपाट्याने उतरत असेल तर पुढचं वाचायच्या आधी गाडी उभी करा. त्या गाडीने "जरा हळू चालवत" गॅरेज गाठायचं नाही. टोइंग करा.

पेडल काय सांगतं ते आधी ऐका

गाडी सपाट जागी, न्यूट्रलला, चाकांना उटी लावलेली. इंजिन बंद. आता पेडल चारपाच वेळा दाबा. बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) साठलेला व्हॅक्यूम संपला की पेडल वर येऊन कडक होतं. या अवस्थेत जे जाणवतं ते खरं, कारण बूस्टरची मदत मधे नाही.

पेडल वर आणि दगडासारखं घट्ट लागलं, पायाखाली जागेवर राहिलं, तर नळ्या आणि सिलिंडर बहुतेक ठीक आहेत. आता पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडंसं खाली जाऊन थांबायला हवं. हे खाली जाणं म्हणजे दोष नव्हे, बूस्टर काम करतोय याची ती खूण आहे. कितीतरी लोक उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून, जोर लावून ब्रेक दाबतात आणि "बघा, किती खाली जातो" म्हणतात. तसा दाबला तर चांगल्या गाडीचाही बराच खाली जातो. शंका असेल तर त्याच मॉडेलची ओळखीतली एखादी गाडी दाबून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

इंजिन बंद असतानाही पेडल लिबलिबीत लागत असेल, पण एका जागी थांबत असेल, तर हवा, फुगणारी रबरी होज (चाकाजवळची नळी) किंवा वाकणारं कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) यांपैकी काहीतरी आहे.

पाय स्थिर ठेवल्यावर पेडल हळूहळू, मिनिटभरात, खाली सरकत असेल तर तेल कुठून तरी निसटतंय. ही चाचणी हलक्या पायाने करा. लोक सगळं वजन टाकून दाबतात. मास्टर सिलिंडरचे (पेडलमागे तेल दाबणाऱ्या मुख्य सिलिंडरचे) झिजलेले रबरी कप जोराच्या दाबाखाली भिंतीला चिकटतात आणि तेल धरून ठेवतात, हलक्या दाबाखाली मात्र सोडतात. सिग्नलला हलका पाय ठेवून उभे असताना पेडल खाली खाली जातं आणि गॅरेजमध्ये दाखवायला गेलं की "काही नाही हो" असं ऐकायला मिळतं, ते यामुळे.

पहिल्या दाबाला पाय खोल जातो आणि लगेच दुसऱ्यांदा मारला की वरच लागतो, हा चौथा प्रकार. त्याची गंमत पुढे.

दुसऱ्यांदा मारल्यावर लागणारा ब्रेक

हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचा दुरुस्त होतो. एअर काढली जाते, पेडल थोडं सुधारल्यासारखं वाटतं, आणि परत तेच. दोष बहुतेकदा मागच्या ड्रममध्ये असतो. लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबातलं तेल ती फट भरण्यातच खर्च होतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. हँडब्रेक दोनतीन खटके ओढा आणि मग पेडल दाबा. पेडल एकदम वर लागायला लागलं तर मागची फट वाढलेली आहे. काही फरक पडला नाही तर दुसरीकडे बघा.

फट आपोआप कमी करायला आत ॲडजस्टर असतो. मग तो काम का करत नाही? एक कारण गंज. दुसरं कारण गॅरेजमध्ये तयार होतं. हँडब्रेक ढिला झाला, खूप खटके वर येतो, अशी तक्रार घेऊन गाडी जाते. ड्रम उघडायचा कंटाळा. मग सीटच्या बाजूचं कव्हर काढून केबलचा नट पिळला जातो. पाच मिनिटांत हँडब्रेक कडक, गिऱ्हाईक खूश. पण केबल ताणलेली राहिल्यामुळे आतला लिव्हर पूर्ण मागे जात नाही, बऱ्याच गाड्यांत ॲडजस्टरला त्याच हालचालीतून खटका मिळतो, तो मिळेनासा होतो. लायनर झिजत राहतात, फट वाढत राहते, पेडल महिन्यामहिन्याला खोल जातं, आणि दर वेळी दोष हवेवर जातो.

दुरुस्तीचा क्रम उलटा हवा. आधी केबल पूर्ण ढिली करा. ड्रम काढा. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ती छातीत जाते, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा. ॲडजस्टरचा स्क्रू हाताने फिरतो का बघा, अडकत असेल तर काढून साफ करा. ड्रमच्या आतल्या कडेला झिजून पायरी पडली असेल तर ड्रमवर कोरलेला कमाल व्यास बघून मोजा, त्यापुढे गेला असेल तर बदला. लायनर लावून, ड्रम घालून, चाक हाताने फिरवलं की किंचित घासल्याचा आवाज येईल इतपत ॲडजस्टर वाढवा. हे झाल्यावर सगळ्यात शेवटी केबल. उघडलंच आहे तर व्हील सिलिंडरच्या (लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) दोन्ही टोकांची रबरी टोपी नखाने उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. जरासा पाझर "पुसून घेतला" की संपत नाही. असे झिजलेले कप पेडल झटकन सोडल्यावर बाहेरची हवाही आत घेऊ शकतात, म्हणजे थेंबभर तेलही जमिनीवर न पडता एअर पकडली जाते. मी अशा वेळी नुसतं रबरी कपांचं किट न टाकता अख्खा व्हील सिलिंडर बदलायला सांगतो. आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे कप काही महिन्यांत कापले जातात.

खराब रस्त्यानंतर किंवा जोरात वळण घेतल्यावर पहिलाच ब्रेक खोल जातो, एरवी ठीक असतो, असं होत असेल तर मात्र पुढच्या चाकांकडे बघा. चाकाचं बेअरिंग सैल असलं किंवा डिस्क वेडीवाकडी फिरत असली की ती पॅडना मागे ढकलते. चाक वरखाली धरून हलवलं की बेअरिंगचा खेळ कळतो.

एअर कधी निघालीच नव्हती

चिपळूणच्या एका ओळखीच्यांच्या गाडीचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. पॅड बदलायला गाडी दिली, कॅलिपर गंजलेले दिसले म्हणून दोन्ही उतरवून साफ केले, नवे सील टाकले, वर रंगही मारला. काम देखणं झालं. पेडल मात्र त्या दिवसापासून लिबलिबीत. एअर काढताना नळीतून स्वच्छ तेल येई, एकही बुडबुडा नाही, म्हणून प्रत्येक जण "एअर संपली" म्हणून मोकळा. शेवटी मास्टर सिलिंडरही बदलला. पेडल तसंच.

कारण चाकाच्या आड, बॅटरी मारली की दिसेल असं होतं. कॅलिपरवर एअर काढायचा निपल खालच्या बाजूला आणि होजचा बोल्ट वरच्या बाजूला. डावं कॅलिपर उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसलं होतं. दोन्ही एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असल्यामुळे बोल्ट बरोबर जुळतात, काही अडत नाही. पण हवा वर चढते. निपल खाली असेल तर तेल निघतं आणि बुडबुडा पिस्टनच्या वरच्या कोपऱ्यात निवांत बसून राहतो. कॅलिपर अदलाबदल केले, बोल्टला तांब्याचे नवे वॉशर टाकले, एअर काढली, विषय संपला. पुढच्या चाकांच्या कामानंतर पेडल मऊ झालं असेल तर निपल वर आहे का, हे सगळ्यात आधी बघा. खर्च शून्य.

हवा अडकून राहायची आणखी दोन ठिकाणं आहेत. नवा मास्टर सिलिंडर गाडीवर चढवायच्या आधी बाकावर धरून त्यातली हवा काढावी लागते. तो कोरडाच बसवला तर आतला बुडबुडा चाकापर्यंत ओढत आणायला फार तेल आणि फार संयम लागतो. दुसरं ठिकाण एबीएसचा (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) ब्लॉक. टाकी एकदा जरी पूर्ण रिकामी झाली असेल तर हवा त्याच्या आतल्या वाटांमध्ये शिरू शकते, आणि बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनर लावून एबीएसचा पंप चालवल्याशिवाय निघत नाही. २०१९ नंतरच्या गाड्यांना एबीएस असतोच, त्यामुळे तुमच्या गॅरेजकडे त्या गाडीला चालणारा स्कॅनर आहे का, हे काम देण्याआधी विचारा.

फक्त घाटात मऊ होणारा ब्रेक

कुंभार्ली घाट उतरताना हेळवाकपासून सगळं ठीक, अर्ध्या घाटात पेडल खोल जायला लागलं, खाली पोचून चहा घेईपर्यंत परत जसंच्या तसं. सकाळी मेकॅनिकला दाखवलं तर पेडल उत्तम. इथे हवेचा बुडबुडा नाही, वाफेचा आहे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. टाकीच्या झाकणातून, रबरी होजमधून, वर्षानुवर्षं. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. नव्या कोरड्या डॉट ३ प्रकारच्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६०. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळलं की हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येऊ शकतात. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून गाडी उतरवली तर कॅलिपर इतकं तापणं अजिबात अवघड नाही. तेल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते, पाय खाली. थंड झालं की वाफेचं परत पाणी.

पेडल कडकच आहे पण गाडी थांबत नाही, जळका वास येतोय, असं असेल तर ते निराळं. तिथे तेल ठीक आहे, पॅड तापलेत. दोन्हींवरचा घाटातला इलाज मात्र एकच: ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरणाऱ्यांची मला अजूनही भीती वाटते. आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन बंदच करतात, म्हणजे वाचत तर काही नाहीच.

तेल दोन वर्षांनी पूर्ण बदला, गाडीच्या पुस्तकात त्याहून कमी मुदत दिली असेल तर ती पाळा. टाकीच्या झाकणावर डॉट ३ की ४ ते लिहिलेलं असतं. ३ च्या जागी ४ चालतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं तेल आहे, ते बाकीच्यांत मिसळायचं नाही, आणि नाव सारखं वाटलं तरी ५.१ वेगळं. दुकानातली फोडलेली बाटली घेऊ नका, सीलबंदच घ्या. छोट्या गाडीला पूर्ण बदलायला साधारण लिटरभर लागतं.

गाडी सेकंडहँड असेल आणि टाकीत काय ओतलंय याची खात्री नसेल तर काचेच्या पेल्यात पाणी घेऊन टाकीतलं थोडं तेल त्यात टाका आणि ढवळा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. वर तवंग तरंगला तर कुणीतरी स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं तेल ओतलंय. मग एअर वगैरे विसरा. त्या तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं, आणि मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो.

तेल उतरतंय पण गळती दिसत नाही

पॅड झिजले की पिस्टन पुढे येतात आणि टाकीतली पातळी थोडी उतरते, ते साहजिक आहे. दर सर्व्हिसला त्यात भर घालायची नसते. नाहीतर नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलले की टाकी उतू जाऊन रंगावर सांडते. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका, रंग निघतो.

पण पॅड नवे असून पातळी उतरत असेल आणि चारही चाकं कोरडी असतील, तर मास्टर सिलिंडर बूस्टरवर जिथे बसतो त्या जोडाखाली बोट फिरवून बघा. मागचं सील गेलं की तेल बाहेर न सांडता बूस्टरच्या पोटात जमतं, कधी इंजिन ते ओढून घेतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. खात्री करायची तर मास्टर सिलिंडरचे दोन नट काढून तो नळ्या न सोडता थोडा पुढे ओढा, मागे ओल दिसेल. समुद्राकाठच्या गाड्यांत खालून जाणारी लोखंडी नळीही तपासा, विशेषतः क्लिपखाली. तिथे चिखल आणि मीठ साचतं.

दोष नेमका कुठल्या चाकाचा

रबरी होज गोल, गुळगुळीत जबड्याच्या क्लँपने एकेक करून बंद करायच्या. साध्या पकडीने नाही, आतला थर फाटतो. होजला आधीच तडे असतील तर दाबायच्या भानगडीत न पडता बदला. सगळ्या बंद केल्यावर पेडल कडक झालं तर वरचा भाग बरा आहे. मग एकेक सोडत जा. जिच्यावर पेडल परत मऊ होतं ते चाक. सगळ्या बंद असूनही मऊच, तर मास्टर सिलिंडर किंवा एबीएस. आणि होज सोडलेली असताना कुणाला तरी पेडल दाबायला सांगून ती हातात धरा. फुगताना जाणवली तर उत्तर तुमच्या मुठीतच आहे.

कॅलिपरच्या सरकपिना जाम असतील तर एका बाजूचा पॅड तिरका झिजलेला दिसतो. कॅलिपर सरकण्याऐवजी वाकतं आणि पेडलला ते स्पंजसारखं लागतं. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर खातं.

एअर काढताना

हे सगळं निपटल्यावरच एअर. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर. निपलवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि रिंगचा पाना वापरा, निपल तुटला तर दिवस गेला. पारदर्शक नळी निपलवर, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं. आत बसलेल्याशी बोलणं एवढंच असावं:

"दाब."

"दाबला, धरलाय."

निपल सोडायचा, तेल येऊ द्यायचं, निपल बंद करायचा, आणि त्यानंतरच "सोड". निपल उघडा असताना पाय सुटला की निघालेली हवा परत आत. पेडल सावकाश दाबायचं, आणि जुन्या गाडीत तळापर्यंत न्यायचं नाही. रोजच्या वापरात पिस्टन जिथे जात नाही तिथे सिलिंडरच्या भिंतीवर गंज असतो, त्यावर कप फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम झालं. एअर काढून आणल्यावर आठवड्याने मास्टर सिलिंडर गेला, अशा कहाण्यांमागे बऱ्याचदा हेच असतं.

चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात बघा. "सगळ्यात लांबचं चाक आधी" हा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही, कर्णरेषेत (पुढचं डावं आणि मागचं उजवं अशा जोड्यांत) ब्रेक विभागलेल्या गाड्यांचा क्रम वेगळा असू शकतो. टाकी दर पाचसहा दाबांनी भरत राहा. व्हॅक्यूमच्या पंपाने काढत असाल आणि बुडबुडे संपतच नसतील तर घाबरू नका, ती हवा निपलच्या आट्यांमधून ओढली जात असते. आट्यांना वरून थोडं ग्रीस लावा.

झाल्यावर आधी उभ्या गाडीत पेडल तपासा, मग मोकळ्या मैदानात पायी चालायच्या वेगाने, मग रस्त्यावर. टाकीवर पातळीच्या जागी मार्करने रेघ मारून ठेवा आणि आठवडाभर रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी बघा. रेघ आणि तेल यांच्यात अंतर पडलं तर तेल ओतून पुढे जाऊ नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.